संख्यांची पाठचिकित्सा

संख्याशास्त्र हा आपला प्रांत नव्हे, असे मराठीच्या वर्गात सहज बोलले जाते. आम्हांला ते पटत नाही. बोलिव्हियातील २०१९ च्या निवडणुकीचे प्रकरण मुळात वाचनाचेच प्रकरण आहे.

तेथे पहिल्याच फेरीत जिंकण्यासाठी निम्म्याहून अधिक मते, अथवा किमान ४० टक्के मते व १० टक्क्यांची आघाडी लागे. २० ऑक्टोबरच्या रात्री सुमारे ८४ टक्के पत्रकांनंतर प्राथमिक निकालांचे प्रसारण थांबले. एव्हो मोरालेस यांची आघाडी तेव्हा आठ टक्क्यांहून किंचित कमी होती. दुसऱ्या दिवशी प्रसारण पुन्हा सुरू झाले, तेव्हा ती दहापलीकडे गेली होती. अमेरिकी राष्ट्रसंघटनेच्या निरीक्षकांनी या कलबदलाचा उलगडा होणे कठीण असल्याचे जाहीर केले. १० नोव्हेंबरला मोरालेस यांनी राजीनामा दिला. त्या काळातील हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

पुढे अन्य संशोधकांनी तीच आकडेवारी तपासली. उशिरा आलेली पत्रके बहुतांशी मोरालेस यांना अनुकूल असलेल्या भागांतील होती. आघाडी प्रसारण थांबण्यापूर्वीपासूनच वाढत होती. निरीक्षकांच्या एका विश्लेषणात तर वेळा कालक्रमाऐवजी वर्णानुक्रमे लागल्या होत्या, असेही दाखवून देण्यात आले.

निरीक्षकांचा अहवाल केवळ या आलेखावर उभा नव्हता. छुपे सर्व्हर, बनावट सह्या असे आक्षेपही त्यात होते आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा. प्रश्न आहे तो त्या 'उडी'च्या वाचनाचा. पोथीत अनपेक्षित पाठ आढळला की नवखा अभ्यासक त्याला प्रक्षिप्त ठरवून मोकळा होतो. जाणता अभ्यासक आधी विचारतो: ही प्रत कुठली, कोणत्या परंपरेतली, कोणाच्या हातची? विसंगती हा चौकशीचा आरंभ असतो, निवाडा नव्हे.

या चौकशीत एक नैतिक बाजूही आहे. ज्यांची मते शेवटी मोजली गेली त्यांत दुर्गम वस्त्यांतील, मूलनिवासी समाजांतील मतदार पुष्कळ होते. केंद्रापासून दूर राहणाऱ्याचा आवाज उशिरा पोहोचतो, आणि उशिरा पोहोचला म्हणून तो संशयास्पद ठरतो. साहित्याच्या इतिहासातही हे नवे नाही. उशिरा ऐकू आलेला प्रत्येक आवाज आमच्याकडेही प्रथम अपवाद मानला गेला. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच: आलेखही पोथीसारखा वाचा, आणि निवाड्याची किंमत कोण मोजणार, हे त्याआधी पाहा.