बसक्या घरातलं उरलंसुरलं

न्हाणीघरातल्या आरशाचं कपाट. त्याच्या मागच्या पत्र्याला एक बारीक फट. दाढीचं जुनं पातं त्या फटीतून आत सरकवायचं. ते भिंतीच्या पोकळीत पडायचं आणि तिथेच राहायचं. आता कॅलिफोर्नियात अशी जुनी बसकी घरं पाडताना भिंत फुटली की गंजलेल्या पात्यांचा ढीग बाहेर येतो. दोन-तीन पिढ्यांच्या सकाळी त्यात असतात.

वळचण. रुंद, पुढे आलेली, भर दुपारी काचेवर सावली धरणारी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकी शहरांच्या बाहेर लाखो घरं उठली आणि त्यांत 'रँच' घरांचा वाटा फार मोठा होता. एकमजली, लांबट, जमिनीला धरून बसलेली घरं. सॅन डिएगोच्या क्लिफ मे याने हा घाट १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवला. तो रीतसर शिकलेला वास्तुविशारद नव्हता. पण त्याच्या आईकडचं घराणं तिथल्या जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन जमीनदारांचं. चौक आणि ओसऱ्यांची मातीची घरं त्याच्या घरच्याच आठवणीतली. १९४६ साली 'सनसेट' मासिकाने त्याच्यासोबत या घरांवर पुस्तक काढलं आणि नकाशे देशभर पोचले.

पायरी नसणं. काँक्रीटचा थर थेट जमिनीवर ओतलेला. खाली तळघर नाही, उंच जोतं नाही. खोलीतून परसात जाताना पाऊल उचलावं लागत नाही. तिशीत घर घेतलेली माणसं ऐंशीव्या वर्षीही त्याच घरात राहू शकली, त्याचं एक मोठं कारण हे. अशा जागी दुमजली घर उभं राहतं, तेव्हा झोपायच्या खोल्या वर जातात आणि म्हातारपण जिन्याशी येऊन अडतं.

परसाच्या कोपऱ्यातली कचरा जाळायची काँक्रीटची भट्टी. लॉस एंजेलिसमध्ये धुरक्यामुळे १९५७ साली तिच्यावर बंदी आली. क्वचित कुठे अजून उभी दिसते.

जर्दाळूचं झाड. सांता क्लारा खोऱ्यात, आजच्या सिलिकॉन व्हॅलीत, घरांच्या आधी फळबागा होत्या. बागा तोडून प्लॉट पाडले, तेव्हा कुणाकुणाच्या परसात एखादं झाड राहून गेलं. ती झाडं आता बहुतेक वठली आहेत आणि त्यांच्या जागी सहसा कुणी जर्दाळू लावत नाही.

जमिनीतल्या नळ्या. हे थोडं सविस्तर सांगायला हवं. जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९४९ ते १९६६च्या दरम्यान कॅलिफोर्नियात सुमारे ११,००० घरं बांधली, सुरुवातीची सनीव्हेलमध्ये. अँशेन आणि ॲलन, ए. क्विन्सी जोन्स यांच्यासारख्या वास्तुविशारदांकडून त्याने मध्यमवर्गासाठी घरं आखून घेतली. उघड्या तुळया, छताला लाकडी तक्तपोशी, महोगनी पापुद्र्याच्या भिंती, मागची सगळी बाजू काचेची, पुढे पुढे तर घराच्या मधोमध उघडा चौक. थंडीसाठी काँक्रीटमध्येच नळ्या पुरलेल्या. त्यांतून गरम पाणी फिरायचं आणि फरशी कोमट व्हायची. मुलं पोटावर पडून अभ्यास करायची. कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई झाली, म्हणून काही घरांत लोखंडी नळ्या घातल्या गेल्या. त्या गंजल्या. गळती शोधायची तर फरशी फोडावी लागते, म्हणून लोक नळ्या बंद करतात आणि भिंतीवर हवा तापवायचं यंत्र बसवतात. घर उभं असतं, पण त्याची ऊब गेलेली असते. महोगनीचंही तसंच: एकदा पांढरा रंग फासला की त्या पातळ पापुद्र्यावरून तो धड निघत नाही.

गुलाबी न्हाणीघर. टब, बेसिन, चार इंची टाइल, सगळं एकाच गुलाबीत. दुरुस्तीत पहिलं तेच फुटतं. मला ते राहावंसं वाटतं. टाइल ठणठणीत असते, नळ चालू असतो. जातं ते फक्त रंगाच्या फॅशनपायी.

छोटेपण. यादीत सगळ्यात मोलाचं हेच. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमधली १९४७ची पहिली घरं ७५० चौरस फुटांची होती. लॉस एंजेलिसजवळच्या लेकवुडमध्ये शेतजमिनीवर तीनेक वर्षांत सुमारे १७,५०० घरं उभी राहिली, तीही लहानच. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या कर्जाला सरकारची हमी मिळाली, म्हणून कारखान्यातला कामगार मालक झाला. आज नवं घर साधारण २,००० चौरस फुटांच्या वर असतं. पॅलो अल्टोसारख्या ठिकाणी घराची किंमत जवळजवळ शून्य धरून फक्त जमिनीचे पैसे मोजले जातात आणि मग पाडकाम होतं.

काचेच्या मागच्या भिंतीचा निर्धास्तपणा. ती काच शेजाऱ्याच्या भरवशावर लावलेली होती: तोही बसकाच राहील. एकाने मजला चढवला की त्याच्या खिडकीतून चार घरांचे दिवाणखाने दिसतात. म्हणून पॅलो अल्टोत काही वस्त्यांनी सह्या गोळा करून आपल्यावर एकमजली बांधकामाचा नियम लावून घेतला. ऐतिहासिक वारसा म्हणून कागदावर मिळणाऱ्या मानापेक्षा हा नियम जास्त कामाचा. कोलोरॅडोतली अरापाहो एकर्स वसाहत १९९८ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. युद्धोत्तर वसाहतींत ती पहिली. पॅलो अल्टोच्या आयक्लरच्या दोन वस्त्या २००५ साली गेल्या. पण त्या नोंदीने खासगी मालकाचा हात धरता येत नाही. त्याला घर स्वतःच्या पैशांनी पाडायचं असेल तर तो पाडू शकतो.

अर्थात कॅलिफोर्नियात घरांचा तुटवडा भयंकर आहे आणि 'जतन' हा शब्द नव्या माणसाला बाहेर ठेवायलाही वापरला जातो. परसात दुसरं लहान घर बांधून भाडेकरू आला तर त्याने मूळ घराचं काही बिघडत नाही. उलट छोटेपण वाढतं. एका कुटुंबासाठी एक बसकं घर पाडून चारपट मोठं बांधणं, हे मात्र दोन्हीकडून नुकसान.

शेवटचा कागद खरेदीखताचा. त्या काळातल्या कित्येक खतांत कलम असे: या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू नये, घरकामाचे नोकर सोडून. १९२३च्या भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याने 'गोरा' नाही असं ठरवलं होतं. म्हणजे बंदी आपल्यालाही होती. १९४८ साली न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी थांबवली, १९६८च्या कायद्याने घर विकताना वंश पाहणं बेकायदा ठरलं. आयक्लर कृष्णवर्णीयांना आणि आशियाईंना घरं विकत असे. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध धोरण घ्यायला नकार दिला, तेव्हा १९५८ साली तो तिच्यातून बाहेर पडला. सनीव्हेलमध्ये आज अशा बसक्या घरांत पुण्या-मुंबईची कुटुंबंही राहतात. कॅलिफोर्नियाच्या २०२१च्या कायद्यानुसार काउंटीचे नोंदणी अधिकारी जुन्या खतांतून ती कलमं शोधून खोडतात. मूळ प्रत दप्तरात राहते. कलम खोडलं जातं हे योग्यच. पण ज्या घराला वारशाचा मान द्यायचा, त्याच्या फायलीत तक्तपोशीच्या आणि चौकाच्या छायाचित्रांसोबत त्या मूळ प्रतीचं पानही लावावं.