बडोद्याचा संघ आणि आपण

महाराष्ट्रातून बडोद्यास आलेला पाहुणा लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सयाजीबागेत फेरफटका मारतो, सुरसागराच्या काठी उभा राहतो, सेव-उसळीवर ताव मारतो, आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी हटकून एक प्रश्न विचारतो : "मुंबई आणि बडोदा यांचा क्रिकेटचा सामना असला, म्हणजे तुम्ही मंडळी कोणाच्या बाजूची?" प्रश्न थट्टेत विचारलेला असतो. परंतु पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर घर करून राहिलेल्या कुटुंबाला तो थट्टेवारी नेता येत नाही. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर म्हणून आमच्या संघाची आणि त्याच्या मैदानांची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. ज्यांना रणजी सामना पाहावयास यावयाचे असेल, त्यांना ती वाटाड्या म्हणूनही उपयोगी पडेल.

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे. एकट्या गुजरातेतून बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र असे तीन संघ रणजी स्पर्धेत उतरतात, याचे पाहुण्यांना नवल वाटते. महाराष्ट्रातूनही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीनच संघ उतरतात, हे सांगितले म्हणजे ते नवल ओसरते. बडोद्याचा संघ हा संस्थानी काळाचा वारसा आहे. गायकवाडांचे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले. १९७४ साली तर शहराचे अधिकृत नावही वडोदरा झाले. संघाने मात्र आपले 'बडोदा' हे नाव सोडले नाही. त्याच काळी इंदूरच्या होळकरांचा संघ साऱ्या हिंदुस्थानात दरारा बाळगून होता. पण संस्थान गेल्यावर काही वर्षांतच ते नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. संस्थानी संघांपैकी आपल्या नावाने आजही मैदानात उतरणारा बडोदा आहे, याचा अभिमान प्रत्येक बडोदेकराला वाटतो. मग त्याची घरची भाषा कोणतीही असो.

आता मैदानाकडे वळू. मोतीबाग मैदान राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात आहे. दाट झाडी, तिच्या पलीकडे लक्ष्मीविलासचे मनोरे, आणि समोर हिरवे मैदान, असे दृश्य देशातील फार थोड्या मैदानांवर दिसेल. मोतीबागेवर मोठ्या घटना घडल्या आहेत. १९८८ सालच्या डिसेंबरात न्यूझीलंडविरुद्ध महंमद अझरुद्दीन याने येथे ६२ चेंडूंत शतक पुरे केले. एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वांत जलद शतकाचा तो त्या वेळचा विक्रम होता. १९९४ पासून २०१० पर्यंत शहरातील आंतरराष्ट्रीय सामने पेट्रोकेमिकल्स कारखान्याच्या वसाहतीतील मैदानावर झाले. आणि आता हालोल रस्त्यावर कोटंबी येथे क्रिकेट संघटनेचे स्वतःचे प्रशस्त क्रीडांगण उभे राहिले आहे. २०२४ च्या डिसेंबरात भारत आणि वेस्ट इंडीज यांच्या महिला संघांनी तेथील आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा श्रीगणेशा केला, ही गोष्ट आमच्या मुलींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मैदाने पाहून झाली. परंतु संघ म्हणजे अखेर माणसे. त्या माणसांत पहिले नाव घ्यावयाचे ते विजय हजारे यांचे. हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यास नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या महाराष्ट्राकडून. आणि प्रतिपक्ष होता बडोदा! ज्याने आपल्याला असे झोडपून काढले, त्यालाच बडोद्याने पुढे दरबारी नोकरी देऊन आपला करून घेतला, आणि त्यानेही उरलेले आयुष्य बडोद्याला वाहिले. १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढणारे हजारे, १९५२ साली मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार हजारे, हे सारे जगाने पाहिले. २००४ साली त्यांनी देह ठेवला, तोही बडोद्यातच. देशातील एकदिवसीय स्पर्धेचा करंडक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हजारे यांच्या नावाला जोडूनच १९४७ सालच्या मार्चमधील रणजी अंतिम सामन्याची कथा सांगितली पाहिजे. बडोद्यातच झालेल्या त्या सामन्यात एका बाजूस गायकवाडांचे बडोदे आणि दुसऱ्या बाजूस होळकरांचे इंदूर उभे होते. महाराष्ट्राबाहेरची दोन मराठी संस्थाने, आणि आदल्याच वर्षी होळकरांनी बडोद्याला अंतिम सामन्यात हरविलेले! होळकर संघ पहिल्या डावात २०२ धावांत आटोपला. त्यांपैकी सहा बळी एकट्या हजारे यांनी घेतले. बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांवर परतले. तेव्हा हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली ती अशी की, धावफलक हलविणाऱ्यांचे हात दुखून यावेत. ५३३ मिनिटांत ५७७ धावांची भागीदारी झाली. हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि बडोद्याचा एकूण डाव ७८४. सामना बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. कोणत्याही गड्यासाठी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वांत मोठी भागीदारी म्हणून हा विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ साली कोलंबो येथे संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडल्या, तेव्हा कुठे तो मोडला.

आकडे पाठ करणे सोपे आहे. त्या आकड्यांमागे कोण उभे होते, हे पाहावयास हवे. गुल महंमद हे लाहोरचे. सांगलीचा एक मराठी ख्रिस्ती आणि लाहोरचा एक पंजाबी मुसलमान, मराठा गादीच्या छत्राखाली, गुजराती शहराच्या वतीने, खांद्याला खांदा लावून खेळत होते. आणि पाचच महिन्यांनी देशाची फाळणी व्हावयाची होती. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले, १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटीही खेळले. पण बडोद्याच्या इतिहासातून त्यांचे ३१९ काढून टाकणे कोणाला शक्य आहे?

हे इतक्या विस्ताराने सांगण्यास कारण आहे. आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बैठकीत अलीकडे एक खंत वारंवार ऐकू येते. "पूर्वी संघ आपला होता हो! गायकवाड, घोरपडे, निंबाळकर, मोरे अशी आपली नावे असत. आता एखादे मराठी नाव हुडकावे लागते." या खंतीमागचा जिव्हाळा आम्ही जाणतो. १९५७-५८ साली बडोद्याला रणजी करंडक मिळवून देणारे आणि १९५९ साली इंग्लंडमध्ये भारताचे नेतृत्व करणारे दत्ताजीराव गायकवाड; त्यांचे चिरंजीव अंशुमान गायकवाड, ज्यांनी १९७६ साली किंग्स्टनला वेस्ट इंडीजच्या आग ओकणाऱ्या गोलंदाजांपुढे छाती उघडी ठेवून ८१ धावा केल्या आणि अखेर कानावर चेंडू बसून ज्यांना रुग्णालयात जावे लागले, १९८३ साली जालंधरला ज्यांनी ६७१ मिनिटे खेळपट्टीवर ठाण मांडून २०१ धावा काढल्या; १९८८ साली मद्रासच्या एकाच कसोटीत सहा फलंदाजांना यष्टिचीत करणारे किरण मोरे; ही माणसे आम्हांला घरच्यासारखीच वाटत आली आहेत. दत्ताजीराव २०२४ च्या फेब्रुवारीत वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरच्या दिवशी अंशुमानही गेले. पितापुत्रांची अशी जोडी एकाच वर्षी अंतरल्यावर मराठी घरांना पोरके वाटले, यात नवल नाही.

परंतु खंतीचे रूपांतर दुराव्यात होता कामा नये. मांडवीजवळच्या जामा मशिदीच्या आवारात वाढलेल्या पठाण बंधूंना शिकविले कोणी? त्याच दत्ताजीरावांनी. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या इरफानने २००६ साली कराचीच्या कसोटीत पहिल्याच षटकात ओळीने तीन बळी घेतले. बिकट परिस्थितीत दिवस काढणाऱ्या पंड्या बंधूंना आपल्या अकादमीत फी न घेता घडविले कोणी? किरण मोऱ्यांनी. त्यांतील हार्दिकने २०२४ च्या जूनमध्ये बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकले. विद्या शिष्याकडे जाते, आडनावाकडे नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग रोज समोर घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाला हे निराळे शिकवावे लागत नाही. पठाणांच्या गोलंदाजीत आणि पंड्यांच्या फलंदाजीत आपल्या माणसांची मेहनत मुरलेली आहे. ती ज्याला दिसत नाही, त्याने नुसती खेळाडूंची यादी वाचली, खेळ पाहिला नाही.

शिवाय बाहेरून आलेल्याला आपलेसे करणे ही या संघाची जुनी रीत आहे. हजारे सांगलीचे, हेमू अधिकारी पुण्याचे, गुल महंमद लाहोरचे. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून खेळू लागला, आणि २००१ साली मोतीबागेवर रेल्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याच्या माऱ्याने अवघ्या २१ धावांनी विजय खेचून आणला. जेकब मार्टिनच्या नेतृत्वाखाली तब्बल ४३ वर्षांनी करंडक घरी आला. आपण मराठी मंडळी तरी निराळी कोण? आपलेही पूर्वज कोणी फौजेबरोबर, कोणी कारकुनीसाठी, कोणी शिक्षक म्हणून, कोणी सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून येथे आले आणि येथलेच झाले. आलेल्याने परके मानले जाऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनी संघात नव्याने आलेल्याला परके मानणे शोभत नाही.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर. २०२४ च्या ऑक्टोबरात कोटंबीला बडोदा आणि मुंबई यांचा रणजी सामना झाला. मुंबई गतविजेती, कर्णधार आपला अजिंक्य रहाणे. बडोद्याचा कर्णधार कृणाल पंड्या. मुंबईला विजयासाठी २६२ धावा हव्या होत्या. भार्गव भट्ट याने दुसऱ्या डावात सहा बळी टिपले आणि बडोदा ८४ धावांनी जिंकला. रहाणे याचे शतक झाले असते, तर आम्ही टाळ्या वाजविल्या असत्या. कारण भाषेचे नाते खोटे नाही. पण विजय बडोद्याचाच व्हावा, अशी प्रार्थना आम्ही केली असती. कारण ज्या गावाचे पाणी प्यालो, त्या गावाचेही नाते खोटे नाही. लेकीचा जीव माहेरासाठी तुटतो. पण देव्हाऱ्यातला दिवा ती सासरचाच लावते. एवढे सांगितले, म्हणजे पाहुणे हसून गाडीत बसतात.

शेवटी, येणाऱ्यांसाठी दोन शब्द. रणजी सामन्याला सहसा तिकीट लागत नाही, गर्दीही नसते. डोक्याला टोपी, बरोबर पाण्याची बाटली, दशम्या आणि चटणी घेऊन सकाळीच यावे. जमल्यास तिसऱ्या दिवशी यावे; त्या दिवशी खेळपट्टी वळू लागते आणि सामन्याचे पारडे कोणीकडे झुकणार, ते समजू लागते. रोषणाईतल्या वीस षटकांच्या खेळाला आमचा विरोध नाही. त्यातही बडोद्याने २०२४ च्या डिसेंबरात सिक्कीमविरुद्ध २० षटकांत ३४९ धावांचा विक्रमी डोंगर रचला आहे. परंतु गडी टिकून कसा राहतो, पडता डाव कसा सावरला जातो, हे मुलांना दाखवावयाचे असेल, तर चार दिवसांच्या सामन्याला पर्याय नाही.

२००१ नंतर रणजी करंडक बडोद्यास आलेला नाही. २०११ साली मोतीबागेवरच अंतिम सामना झाला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक राजस्थानने नेला. असे असूनही हंगाम आला की काही मंडळी टोप्या घालून मैदानाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. त्यांत मराठी बोलणारी थोडी असतात, गुजराती बोलणारी पुष्कळ असतात, हिंदी-उर्दू बोलणारीही असतात. चौकार गेला की सगळ्यांच्या तोंडून निघणारा आवाज मात्र एकच असतो. त्या पायऱ्यांवर आपल्या घरातील मुलाबाळांना जागा आहे. त्यांना एकदा तेथे घेऊन जावे, आणि ५७७ धावांची गोष्ट दोन्ही नावांसह सांगावी.