खोक्यावरचा आकडा

वेंगुर्ल्यात पाऊस कोसळतोय. भाचीच्या संगणकात आज नवी रॅम बसवली. खोक्यावर वेग ३२००, पडद्यावर मात्र २१३३. डीडीआर४ रॅम कुठल्याही मदरबोर्डवर सुरू व्हावी म्हणून आधी सावध, प्रमाणित वेगच धरते. जाहिरातीतला वेग रॅमवरच्याच छोट्या चिपमध्ये नोंदलेला असतो. तो आपल्याला मागावा लागतो. बायोसमध्ये ती नोंद वापरणारं एक्सएमपी चालू केलं, व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर गेलं आणि ३२०० दिसलं.

आता रॅम तपासणारी मेमटेस्ट लावलीय. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनाही हा वेग पेलायला हवा. एक बिट चुकला तरी पोरीचं काम नासू शकतं. एकही चूक निघाली, तर २९३३ वर आनंदाने उतरेन. पैसे मोजून घेतलेला वेग मिळायलाच हवा, पण भरवशाच्या बदल्यात नको.