बिनअक्षरी पाट्या

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. सारा जन्म तळ्यात गेला. एस.टी.ची पाटी ती वाचीत नाही, "ही गाडी इंदापूरला जाते काय गो?" असे कुणालातरी विचारते आणि चढते. त्यात तिला कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही. पण दोन वर्षांपूर्वी तपासणीसाठी तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. मी केसपेपरच्या रांगेत, ती बाकावर. दिवसभरात तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. परतीच्या गाडीत तिने हळूच कारण सांगितले. पाणी प्याले तर 'जावे' लागेल, आणि बायकांची जागा कुठली ते तिला कळेना. विचारायची तर लाज वाटली.

"अगं, समोरच्या दारावर चित्र होतं की!" मी चिडून म्हटले.

"होतं ना. फ्राकवाली पोर होती. म्हटलं, बारक्या पोरींचं असंल."

मला हसू आले, पण ते तोंडातच राहिले. ज्याने ते चित्र लावले त्याने निरक्षरांचाच विचार केला असणार. पण अक्षरे पुसली म्हणजे भाषा पुसली जाते असे थोडेच आहे? चित्रालाही एक लिपी असते, आणि फ्रॉकची लिपी नऊवारीतल्या बाईला कुणी शिकवलेली नसते.

आजीला चित्र वाचता येत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. आजवर एकही मतदान तिने चुकवलेले नाही. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरात जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. पुढे निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी हे १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी चिन्हे पेन्सिलीने रेखाटीत राहिले. ती बहुतेक रोजच्या पाहण्यातल्या वस्तूंची असत. म्हणूनच ती कुणाला शिकवावी लागली नाहीत.

आपल्या कुड्याच्या लेण्यांतही हेच दिसते. तिथल्या ब्राह्मी लेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा दात्यांच्या नोंदी आहेत, पण तुम्हाआम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही त्यातले एक अक्षर लागत नाही. दर्शनी भागातला हत्ती मात्र लहान पोरही ओळखते. आणि आत स्तूप पाहून आजीने हात जोडले ते महादेवाची पिंड समजून! चित्र खरेच, पण पाहणारा आपल्या घरचेच त्यात पाहतो.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आरोग्य तपासणी ठेवली होती. पाट्यांचे काम मी मागून घेतले. डोळे तपासण्याच्या खोलीसाठी एक मोठा डोळा काढला, वाट दाखवायला वर टोक केलेला बाण. ही चित्रे आधी विहिरीवरच्या बायकांना दाखवली, काही न सांगता. डोळा पाहून एक म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय." बाण पाहून दुसरीने विचारले, "वर माळ्यावर जायचं काय?"

माझा सारा अभिमान त्या विहिरीत बुडाला. मग डोळ्याऐवजी चष्मा लावलेली म्हातारी काढली. बायकांच्या दारावर अंबाडा घातलेली, नऊवारीतली बाई काढली. बाणाचे काय करावे ते मात्र सुचेना. शेवटी आजीच म्हणाली, "गौरी आणताना आपण काय करतो?" दारापासून आतपर्यंत पावले! दर भाद्रपदात ती पावले मी स्वतःच्या हाताने काढते, आणि तेवढीच मला आठवली नव्हती.

मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या प्रत्येक स्थानकाला एक चित्र आहे. चापुल्तेपेक या स्थानकाचे चित्र म्हणजे एक नाकतोडा, कारण त्या नावाचा अर्थच नाकतोड्यांची टेकडी असा आहे. त्यांनीही चिन्ह मातीतूनच उचलले.

शिबिराच्या दिवशी जमिनीवर पांढरी पावले उमटवली. बायका न विचारता नेमक्या खोलीत पोचल्या. मात्र बऱ्याचजणी पावलांच्या कडेकडेने, अंग चोरून चालत होत्या. गौरीच्या पावलांवर पाय कसा द्यायचा? ही चूक माझ्या हिशेबात नव्हती. पुढच्या वेळी ती पावले भिंतीवर काढीन.

आजी तपासून बाहेर आली, तिने माठाजवळ जाऊन तांब्याभर पाणी घटाघटा प्याले आणि नऊवारीतल्या बाईचे दार कुणालाही न विचारता उघडले. माझ्या पाट्यांना त्याहून मोठी दाद मिळाली नाही.