भिंतीवरची गोधडी

आमच्या पुण्यातील घरी पाहुणा आला, की त्याची नजर प्रथम बैठकीच्या भिंतीकडे वळते. तेथे थोर पुरुषाची तसबीर नाही, की एखादे निसर्गदृश्य नाही. तेथे टांगलेली असते एक जुनी गोधडी. कोणी संकोचून हसतो, एकाने तर "वाळत घातली आहे का?" असेही विचारले. तोच पाहुणा चार महिन्यांनी आला, तर त्याला तेथे निराळीच गोधडी दिसते. ऋतू पालटला, की आमच्या भिंतीवरची गोधडीही पालटते. ही रीत मी हौसेने पाडलेली नाही. एका चुकीने मला ती शिकवली.

माझे बालपण सातारा जिल्ह्यात, पाटणजवळच्या एका खेड्यात गेले. शेतीची कामे उरकली, की उन्हाळ्यात आजी गोधडी शिवायला घेई. जीर्ण लुगडी, आजोबांची धोतरे, आमचे तोकडे झालेले सदरे, काही म्हणून ती टाकून देत नसे. सारवलेल्या अंगणात एक लुगडे पसरायचे, ते सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर कापडाचे थर अंथरायचे आणि सर्वांत वर रंगीबेरंगी तुकडे मांडायचे. मग शेजारच्या दोघीतिघी येऊन बसत. कडेपासून निघालेला धावदोरा एका चौकोनाच्या आत दुसरा चौकोन आखीत मध्यापर्यंत जाई. सुईच्या नेढ्यात दोरा ओवून देण्याचे काम आम्हां मुलांचे. "टाका जवळ घाल ग, पोरं पायानं ओढतात," असे आजी शेजारणीला बजावी. कापडाच्या थरांत हवा अडकून राहते आणि ती अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे मी पुढे शाळेत शिकलो. आजीच्या हातांना ते आधीच ठाऊक होते.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटेच्या अंधारात कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आमच्या घराची मागची भिंत कोसळली. दैवाने सारे वाचलो. परंतु धक्के थांबेनात, म्हणून पुढे कित्येक रात्री आम्ही उघड्या शेतात काढल्या. वर थंडीचे आभाळ आणि खाली जमिनीचा भरवसा नाही! आम्ही चौघे भावंडे एकाच गोधडीत निजत असू. तिच्या मध्यभागी आजीच्या चंद्रकळेचा काळसर निळा तुकडा होता आणि वरच्या कडेला त्याच चंद्रकळेची पट्टी होती. अंगाचा थरकाप थंडीचा की जमिनीचा, हे कळत नसे. पण ती निळी कड मुठीत धरली, की झोप येई.

आजीमागे ती गोधडी माझ्याकडे आली. पुण्यात घर झाल्यावर मी ती मोठ्या अभिमानाने भिंतीवर लावली. वरची कड मागे दुमडली, खिळे ठोकले आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तिला टांगून दिले. संध्याकाळच्या उन्हात ती फार शोभून दिसे. असे दोन उन्हाळे गेले. नवरात्रापूर्वी दसरा काढताना मी ती उतरवली, दुमडलेली कड उलगडली आणि माझा हात थबकला. दुमडीतली पट्टी अजून काळसर निळी होती. मधला तुकडा मात्र राखेसारखा फिका पडला होता. खिळ्यांपाशी कापड विरून फाटले होते.

त्या दिवशी आत्या घरी आली होती. तिने गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, भूकंपात जी टिकली, ती तू भिंतीवर मारलीस! पोरांच्या अंगावर विरली असती, तर तिचं सोनं झालं असतं." मला उत्तर सुचले नाही.

मग मी जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली. प्रकाशाने उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही आणि धागाही हळूहळू दुबळा होतो. म्हणूनच वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे मंद प्रकाशात, साधारणपणे 50 लक्सच्या आसपास ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांना विश्रांती देतात. जे संग्रहालयाला कळते, ते घरालाही कळायला हवे. आता खिळे गेले. आत्यानेच गोधडीच्या पाठीला सुती कापडाचा लांब नेफा शिवून दिला. त्यात दांडी ओवली, की भार सगळ्या कडेवर सारखा पडतो. खिडकीसमोरची जागा सोडून मी आतली, सावलीची भिंत निवडली.

उन्हाळ्यात तेथे पांढऱ्या धोतरांची साधी गोधडी असते. तिच्यात उडून जाण्यासारखा रंगच थोडा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, म्हणून आतल्या भिंतीवर खणांच्या तुकड्यांची लहानशी गोधडी लावतो. बाकीच्या गोधड्या घडी न घालता गुंडाळून ठेवतो, कारण घडीवर धागे तुटतात. गुंडाळीवर धुतलेले मांजरपाट असते. न धुतलेल्या कापडाच्या खळीला कसर लागते. पूर्वी घटस्थापनेच्या आधी गावच्या बायका गोधड्या नदीवर नेऊन धूत आणि खडकांवर वाळवत. या जुन्या गोधड्यांना तो मार आता सोसणार नाही. मी त्यांना त्या दिवसांत केवळ सावलीत वारा दाखवतो.

जुन्या कापडाला नवा जन्म देणारे हे हात केवळ आपल्याच गावात नाहीत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही सारी गोधडीचीच भावंडे. कांथ्यासाठी तर जुन्या साड्यांच्या काठांतून धागे काढून घेत.

भूकंपाची गोधडी मात्र हिवाळ्यातच, डिसेंबरचे थोडे दिवस बाहेर येते. नातवंडे हात धुऊन जवळ बसतात. मी त्यांना आधी फिका तुकडा दाखवतो, मग दुमडीतली निळी पट्टी. पहिल्यात माझी चूक आहे, दुसरीत माझी आजी.

आत्याने मात्र एक अट घातली होती: घरातली एक तरी गोधडी कधी भिंतीवर जायची नाही. ती गोधडी तिने स्वतः शिवली. तिच्या डोळ्यांना आता नेढे दिसत नाही. दोरा माझ्या नातीने ओवून दिला. त्या गोधडीला ऋतू नाही, विश्रांतीही नाही. नात ती रोज पांघरते, पायाने ओढते, आणि झोपेत तिची कड मुठीत धरते.