यंत्र कुठं अडतं

एचपीचं झेड६२० वर्कस्टेशन उघडायला पेचकस लागत नाही. बाजूचा पत्रा एका कडीवर निघतो. आत हात कुठं घालायचा ते हिरव्या खुणांनी दाखवलेलं असतं, हवेनं कोणत्या वाटेनं जावं यासाठी प्लास्टिकचे बोगदे बसवलेले असतात, एकही वायर लोंबत नसते आणि पत्र्याची धार बोटाला लागत नाही. हदगावात मी बरीच वर्षं संगणक जोडतो आणि दुरुस्त करतो. स्वस्त कॅबिनेटांनी बोटं किती कापतात ते मला माहीत आहे. म्हणून असं यंत्र टेबलावर आलं की बरं वाटतं. ज्यानं ते आखलं, त्यानं ते एक दिवस दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

ही वर्कस्टेशनं आमच्याकडं बहुधा हैदराबादेहून येतात. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली यंत्रं एकगठ्ठा बदलतात. ती सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरसारख्या ठिकाणी उतरतात, तिथून नांदेडला आणि नांदेडहून आमच्या टेबलावर. घेणारी असतात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची जुळणी, करणारी पोरं, फ्लेक्सवाले, डीटीपीवाले, अलीकडं ड्रोननं मोजणी करणारे एखाद-दोन इंजिनिअर. इंटेलच्या ‘झिऑन’ चिपच्या नावाला त्यांच्यात मान आहे, आणि तो फुकटचा नाही.

यातली सगळ्यात जास्त दिसणारी चिप म्हणजे झिऑन ई५-२६७०. मार्च २०१२ मध्ये ती बाजारात आली. आठ कोअर, सोळा थ्रेड, २.६ गिगाहर्ट्झ, २० एमबी कॅश, ११५ वॅट. किंमत साधारण दीड हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं एका चिपचे पाऊण लाखाहून जास्त. पुण्याच्या सी-डॅकनं फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ उभा केला, त्यात हीच चिप होती. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत त्याच वर्षी ‘आदित्य’ नावाचा महासंगणक आला, ७९० टेराफ्लॉपचा. त्याच्याही ३८ हजारांवर कोअर याच चिपचे. आमच्या सोयाबीन-कापसाच्या शिवारावर मोसमी पाऊस कसा येतो, हे समजून घेण्याचं गणित ज्या जातीच्या सिलिकॉनवर झालं, ती आता माझ्या चिमट्यात धरलेली असते. जुनी पेस्ट पुसली की झाकणावरचा आकडा वर येतो, आणि दर वेळी मी तो वाचतो.

एवढं असूनही मिक्सिंगवाल्या पोराला मी ते यंत्र घेऊ नको, सहा कोअरची आय५-१२४०० घे म्हणतो. मग तो विचारतो, “भाऊ, याच्यात आठ कोअर हायेत, दोन चिपा टाकल्या की सोळा. मग सहा कोअरचं काहून घेऊ?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट दिलं नाही तर तो माझ्याकडून नाही तर दुसरीकडून तेच घेईल, म्हणून मी बसवून सांगतो.

कोअर मोजून काम मोजता येत नाही. एक कोअर एका वेळी पुढच्या किती सूचनांवर नजर ठेवते, हे महत्त्वाचं. २०१२ च्या त्या झिऑनची कोअर एका वेळी १६८ सूचना हाताशी धरून ठेवायची. आय५-१२४०० मधली २०२२ ची कोअर ५१२ धरते. आमच्या तालुक्यात तामशाला भाजी-भाकरीची मोठी पंगत बसते. तिथं चांगला वाढपी समोरच्या एका पानाकडं बघत उभा राहत नाही. पुढच्या वीस पानांवर कुणाची भाकर संपत आली हे त्याला आधीच दिसलेलं असतं, आणि एका पानावर कुणी हात आडवा केला तर तो तिथं न थांबता पुढचं पान वाढतो. नवी कोअर तसं करते. मेमरीतून एक आकडा यायला उशीर होत असेल तर तोवर ती पुढची, त्या आकड्यावर न अडलेली कामं उरकून घेते. त्यात घड्याळाचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, जुनीचा ३.३. एकास एक लावलं तर नवी कोअर दुपटीनं चालते. चार कोअरची साधी आय३-१२१०० सुद्धा बहुतेक चाचण्यांत त्या आठ कोअरच्या झिऑनला गाठते आणि पुढं जाते.

डीटीपीवाल्याचं काम तर बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. श्रीलिपी, कोरलड्रॉ, फोटोशॉपचे काही फिल्टर एका मागून एक पायरी चढतात. लग्नपत्रिकेच्या कामात सोळातल्या पंधरा कोअर नुसत्या बसून राहतात. तिथं मी जास्त बोलत नाही. आय३ आणि चांगली एसएसडी बसवतो.

मिक्सिंगची गोष्ट निराळी. तिथं मला खूप शिकायला मिळालं.

पूर्वी लग्नाचं शूटिंग टेपवर व्हायचं. व्हिडिओ जड असायचा पण उलगडायला सोपा. आता सोनीचा ए७ फोर किंवा ए७एस थ्री येतो, त्यासोबत ड्रोन. फाइल एच.२६५ ची, १०-बिटची, कधी ४:२:२ रंगाची. ही फाइल लहान असते, कारण ती फार घट्ट बांधलेली असते. बहुतेक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून. टाइमलाइनवर नवरी हार घालते त्या क्षणावर बोट ठेवलं की संगणकाला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम सोडवाव्या लागतात. एच.२६५ चं मानकच २०१३ मध्ये मंजूर झालं. म्हणजे ई५-२६७० जन्मली तेव्हा ही भाषा अस्तित्वात नव्हती. तिच्या आठही कोअर सामान्य गणित करून ती गाठ सोडवायला बसतात, पंखे ओरडायला लागतात आणि चित्र तरीही अडकत येतं. ग्राफिक कार्डानं आधार द्यावा म्हटलं, तर एच.२६५ चं ४:२:२ सोडवणं एनव्हिडियाच्या कार्डांत थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आलं.

इंटेलनं हे काम करणारा वेगळा भाग चिपमध्येच घातला होता. त्याचं नाव क्विक सिंक, साल २०११. आणि इथं मला खरंच हळहळ वाटते. त्याच पिढीच्या, कितीतरी स्वस्त अशा आय५-२५०० मध्ये तो भाग होता. महागड्या झिऑन ई५ मध्ये नव्हता. सर्व्हरला चित्र दाखवायचं नसतं, म्हणून आखणाऱ्यांनी ती जागा कोअर आणि कॅशला दिली. त्यांचा निर्णय त्यांच्या कामासाठी बरोबरच होता. पण आमच्याकडं घराघरांत वापरलं जाणारं एडियस हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर याच क्विक सिंकच्या जोरावर एच.२६४ आणि एच.२६५ पळवतं. डेस्कटॉप चिपांत अकराव्या पिढीपासून तो भाग १०-बिट ४:२:२ चं एच.२६५ ही सोडवतो. त्यामुळं १२४०० वर जे चित्र तीन थरांत सुरळीत सरकतं, त्यासाठी दोन झिऑनच्या यंत्रावर आधी हलक्या प्रतींचा गठ्ठा काढून ठेवावा लागतो. लग्नसराईत, एका आठवड्यात चार लग्नं हातात असताना, त्या प्रती काढण्यात रात्री जातात.

म्हणून मिक्सिंगसाठी प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. १२४००एफ थोडी स्वस्त मिळते. त्या ‘एफ’ चा अर्थ ग्राफिक भाग बंद, म्हणजे क्विक सिंकही बंद. गेम खेळणाऱ्याला चालेल. मिक्सिंगवाल्यानं ज्यासाठी पैसे मोजले तेच त्यातून काढून घेतलेलं असतं, आणि ते कुणी सांगत नाही.

मग जुन्यात काहीच उरलं नाही का? उरलं आहे, आणि ते मला ठामपणे म्हणायचं आहे.

झिऑनच्या मेमरीला चार वाटा होत्या. चार वाटांनी डीडीआर३-१६००, म्हणजे सेकंदाला ५१.२ जीबी. २०२२ च्या १२४०० ला दोन वाटांनी डीडीआर४-३२०० लावली तर बरोब्बर तेवढेच येतात, ५१.२. दहा वर्षांनंतरचं साधं यंत्र मेमरीच्या ओघात त्या यंत्राला जेमतेम गाठतं. कार्डं आणि डिस्कसाठी झिऑनच्या एका चिपला ४० पीसीआय एक्सप्रेस वाटा. १२४०० ला २०, भले त्या जास्त वेगाच्या असोत. झेड६२० मध्ये दुसऱ्या चिपचा बोर्ड बसवला की बारा खणांत १९२ जीबी मेमरी घालता येते, आणि ती जुनी रजिस्टर्ड मेमरी साध्या बोर्डावर चालत नसल्यानं गिऱ्हाईक कमी, भाव पडलेला.

शिवाय ती मेमरी स्वतःची चूक दुरुस्त करते. दर ६४ बिटांमागं ८ बिट जास्त ठेवलेले असतात. एखादा बिट पालटला तर तो जागच्या जागी सरळ होतो, दोन पालटले तर निदान कळतं. साध्या मेमरीत पालटलेला बिट तसाच फाइलमध्ये जाऊन बसू शकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. ज्यांच्याकडं लोकांच्या लग्नाची, वास्तुशांतीची, गेलेल्या आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसाची एकमेव प्रत असते, त्यांनी या गोष्टीला हलकं समजू नये असं मला फार वाटतं.

आमच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, लग्नंही तेव्हाच, आणि वीजही तेव्हाच जाते-येते. दोन ई५-२६७० म्हणजे नुसत्या चिपांचे २३० वॅट. १२४०० चा पाया ६५ आणि जोरात धावताना ११७. शंभर वॅटचा फरक दहा तास चालला की एक युनिट झालं. तेवढीच उष्णता खोलीत येते, आणि तेवढाच यूपीएस लवकर दमतो. वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय उत्तम असतो, नव्वद टक्क्यांपर्यंत कार्यक्षम. पण त्याची जोडणी कंपनीची स्वतःची असते. लग्नसराईत तो गेला तर दुकानातला कुठलाही एसएमपीएस त्याला बसत नाही. तो भाग हैदराबादेहून येईपर्यंत लग्नघरची माणसं सीडी, पेनड्राईव्ह मागायला दारात येतात. हे मी गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी सांगतो. आणखी दोन गोष्टी सांगतो: या चिपला एव्हीएक्स२ समजत नाही, त्यामुळं काही नवी सॉफ्टवेअरं सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ तिला अधिकृतपणे घेत नाही, तर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता कुणी ‘चांगलं यंत्र सांगा’ म्हणत आलं की मी आधी यंत्राचं नाव काढत नाही. त्याचं सध्याचं यंत्र आणि त्याचं खरंखुरं काम घेऊन ये म्हणतो. टास्क मॅनेजर उघडून शेजारी बसतो आणि त्याला नेहमीसारखं काम करू देतो. एकच कोअर टोकाला गेली आणि बाकीच्या निवांत असल्या तर एक उत्तर. व्हिडिओ सोडवणारा भाग रिकामा आणि सगळ्या कोअर भरल्या तर दुसरं. मेमरी भरून डिस्कचा दिवा पेटता राहिला तर तिसरं. पुष्कळदा नुसती एसएसडी पुरते, आणि तो माणूस नवं यंत्र न घेता जातो. त्या दिवशी धंदा कमी होतो, पण पुढच्या वेळी तो नांदेडला न जाता इकडं येतो.

ड्रोनच्या हजारो फोटोंतून शिवाराचा एकसंध नकाशा जोडणाऱ्या इंजिनिअरला मी झेड६२० च दिलं, मेमरीचे खण भरून. त्याचं काम मेमरीवर अडत होतं. रात्री लावलेला नकाशा त्याला सकाळी पूर्ण हवा असतो, मधेच बंद पडलेला नको. मिक्सिंगवाल्यांना १२४००, एफ नसलेली. आणि त्यांच्यापैकी ज्यांनी आधीच वर्कस्टेशन घेतलं आहे, त्यांना ते विकू नका म्हणतो. कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच, त्यात मोठ्या डिस्क घालून ठेवा. जुन्या लग्नांची साठवण त्याच्यावर करा, रोज नाही, आठवड्यातून एकदा सुरू करून प्रत घ्या आणि बंद करा. पंख्यांची धूळ पावसाळा संपला की मी येऊन काढून देतो.