वैशाखातलं लाकूड

कोकणातल्या घराला ऊब लागते ती थंडीपेक्षा पावसात. आषाढात भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं, वलणीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. अशा वेळी चूल विझू देत नाहीत. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, तिच्या धगीवर कपडे सुकतात, तिचेच निखारे शेगडीत भरून बाळंतिणीला शेक देतात. पण या उबेचा निकाल वैशाखातच लागलेला असतो, मागच्या पडवीत लाकडं रचताना.

लाकूडफाटा जमवायचा तर झाडांचे स्वभाव ठाऊक हवेत. ऐन, किंजळ, खैर ही जड लाकडं. सावकाश पेटतात, पण निखारा धरून ठेवतात. पांगारा आणि सावर भुरकन पेटतात आणि मागे नुसती राख ठेवतात. खरं तर वजनाला वजन लावलं, तर सगळी सुकी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. जड लाकडाचा फायदा एवढाच, की तेवढ्याच पडवीत जास्त ऊब मावते. बांबू चुलीत घालत नाहीत. रूढी तर आहेच, शिवाय पेरात कोंडलेली हवा तापली की तो फाडकन फुटतो. बिब्ब्याचं लाकूड मात्र चुकूनही मोळीत येऊ द्यायचं नाही, त्याच्या नुसत्या धुरानंही अंग उततं.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात बऱ्याचदा वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. साल ते सहजासहजी सोडत नाही. ते निघतं कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून, म्हणून ओंडक्याच्या ढलप्या करायच्या. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा पडतात, साल सुटू लागते. आमची काकी दोन तुकडे एकमेकांवर आपटून कान द्यायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत. लाकूड आणणाऱ्याच्या शब्दापेक्षा तिचा त्या आवाजावर भरवसा होता.

रचण्याचं काम तिच्याच हातचं. खाली चिऱ्यांची रांग, म्हणजे जमिनीची ओल अंगाला लागत नाही आणि वाळवीलाही सहज वर चढता येत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर. एक थर उभा, एक आडवा, मधून वारा खेळता. चांगली रास ओळखावी ती फटींवरून. शिवाय पावसाळा उलटा मांडावा लागतो. भाद्रपदाची लाकडं आधी, तळाशी आणि मागे. मृगाची शेवटी, हाताशी. काढताना काठीनं ठोकून मगच हात घालायचा, कारण ती कोरडी जागा फुरशालाही आवडते.

एवढं करूनही श्रावणातली हवा सुक्या लाकडाला पुन्हा दमट करतेच. म्हणून उद्याची लाकडं आजच चुलीशेजारी शेकत ठेवायची.

ओलं लाकूड आधी आपल्यातलं पाणी उडवण्यातच आग खर्ची घालतं. तोवर ते पुरतं तापत नाही, आणि जो भाग जळायचा राहतो तो धूर होऊन घरभर फिरतो. कुऱ्हाड चालवणारा तोवर ओटीवर जाऊन बसलेला असतो. धूर जातो तो फुंकणीला तोंड लावलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावोगावच्या स्वयंपाकघरांत गॅस पोचला. पण न्हाणीघराच्या चुलीत अजून लाकूडच जळतं. घरभराच्या आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर खर्ची घालणं कितीजणांना परवडतं?

म्हणूनच ही बेगमी मला काटकसरीपेक्षा माणुसकीचा भाग वाटते. घाईनं, ओलं, भिंतीला टेकवून रचलेलं लाकूड म्हणजे दुसऱ्याच्या नावावर काढलेलं कर्ज. ज्याला लाकडं कशीही रचली तरी चालतात असं वाटतं, त्यानं आषाढातल्या एखाद्या सकाळी न्हाणीघराची चूल स्वतः पेटवून पाहावी. पुढच्या वैशाखात त्याच्या राशीत फटी बरोबर पडतील.